अशांत देशातली पाखरे

पक्षी पाहण्याचा छंद असलेल्या बाईला नातेवाईक तसेही थोडे वाया गेलेलीच समजतात. पहाटे चारला उठायचे, गळ्यात दुर्बीण अडकवायची, नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्याकाठी चिखलात तासन्‌तास उभे राहायचे आणि दुपारी उन्हाने लाल होऊन घरी आल्यावर सांगायचे काय, तर "आज दोन तुतवार जास्त दिसले!" हे सारे आपल्या गावाच्या आसपास चालते तोवर घरची माणसे सोसतात. पण जिथे जाळपोळ चालली आहे, संचारबंदी लागली आहे, राष्ट्राध्यक्षांच्या घरात लोक घुसले आहेत, अशा देशात आपली सून पाखरे पाहायला जाण्याच्या गोष्टी करू लागली, की सासूबाईंची सहनशक्ती संपते. "तिथली माणसं जिवानिशी जाताहेत, आणि तू चिमण्या मोजणार?" हा त्यांचा प्रश्न.

प्रश्न रास्त आहे. तो त्यांच्यापुरता राहिलेलाही नाही. २०२२ ते २०२५ या चार वर्षांतच पाहा. जुलै २०२२ मध्ये श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांना जनक्षोभापुढे देश सोडून जावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना यांच्यावर तीच वेळ आली. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळातले तरुण रस्त्यावर उतरले आणि पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांना राजीनामा द्यावा लागला. वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या लेखी या तीन राजकीय बातम्या. पक्षीवेड्या माणसाला मात्र त्याच वेळी आणखी तीन नावे आठवतात : सिंहराजाचे जंगल, सोनादिया बेट आणि कोशी नदीचा टापू. सिंहराजात श्रीलंकेबाहेर कुठेही न आढळणारे पक्षी राहतात. बांगलादेशातल्या सोनादियाच्या चिखलाटीवर हिवाळ्यात चमच्यासारख्या चोचीचा एक तुतवार येतो. साऱ्या जगात तो आता काही शेच उरला आहे. नेपाळातल्या कोशीच्या पाणथळीत उत्तरेकडून आलेली बदके उतरतात. पाखरांना सरकार पडल्याची खबर नसते. ती आपल्या वेळेला येतात. आपण जायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाची आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक म्हणतो, "नसत्या भानगडीत पडू नये, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं." दुसरा छाती पुढे काढून म्हणतो, "अहो, काही होत नाही! उलट आता सगळं स्वस्तात मिळेल." माझ्या मते ही दोन्ही उत्तरे एकाच अर्धवट प्रश्नाला दिलेली आहेत, आणि तो प्रश्न म्हणजे 'माझे काय होईल?' त्याला जोडून दुसरा प्रश्न विचारला जात नाही : 'मी गेल्यामुळे तिथल्या माणसाचे काय होईल?' सहलीचा बेत आखताना हे दोन्ही प्रश्न याच क्रमाने विचारावेत आणि दोन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाल्याशिवाय तिकिटे काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पुस्तक वाचून बनलेले नाही. श्रीलंकेच्या एका बेताने ते बनवले.

आमचा गट नऊ जणांचा. दोन शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक डॉक्टरीणबाई, एक जोडपे आणि त्यांची सातवीतली मुलगी, मी आणि माझे यजमान. यजमानांना पक्ष्यांत फारसा रस नाही, पण थर्मास आणि हिशेबाची वही ते नेमाने सांभाळतात. श्रीलंकेचा बेत दोन कारणांनी ठरला होता. एक तर मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच तासांवर. दुसरे कारण नवरंग. हा नऊ रंगांचा आखूड शेपटीचा पक्षी पावसाच्या तोंडावर आपल्या सह्याद्रीच्या आणि कोकणातल्या झाडीत येतो, 'व्हीट-ट्यू' अशी शीळ घालतो, पिल्ले वाढवतो आणि पावसाळा सरला की दक्षिणेकडे निघून जातो. त्यातले कितीतरी श्रीलंकेत हिवाळा काढतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला ठरल्या वेळी ओरडतो म्हणून तमिळ लोक त्याला 'सहा वाजताचा पक्षी' म्हणतात. सिंहली लोक म्हणतात, मोराने याचा झगा पळवला आणि तेव्हापासून हा फिर्याद करत हिंडतो आहे. आपल्या अंगणातल्या पाहुण्याचे दुसरे घर बघावे, असे आम्हा सगळ्यांच्या मनात होते. मुलीची परीक्षा संपली, की २०२२ च्या एप्रिलअखेर निघायचे ठरले. नवरंग परतीच्या वाटेला लागण्याच्या आत त्याला गाठायचे, असा हिशेब. सिंहराजाच्या वेशीवरच्या गावातला एक गाइड ओळखीतून मिळाला. त्याला तीस हजार रुपये आगाऊ पाठवले.

आणि मग बातम्या येऊ लागल्या. मार्चमध्ये तिथे कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. आमच्या गटातल्या शिक्षकांना या बातमीने सगळ्यात जास्त धक्का बसला. महिनाअखेरीस दिवसाला तेरा-तेरा तास वीज जाऊ लागली. गॅस नाही, दुधाची भुकटी नाही, डिझेल नाही. १ एप्रिलला आणीबाणी पुकारली गेली आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन गुढीपाडव्याला, संध्याकाळपासून छत्तीस तासांची संचारबंदी लागली. १२ एप्रिलला सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवत असल्याचे जाहीर केले. महिन्या-दोन महिन्यांत डॉलरचा भाव दोनशे श्रीलंकन रुपयांवरून साडेतीनशेच्या पुढे गेला.

गटाची बैठक आमच्या घरी झाली. पोहे संपायच्या आत दोन तट पडले. बँकेतले गृहस्थ म्हणाले, "गोंधळ सगळा कोलंबोत आहे. आपण विमानतळावरून परस्पर जंगलात जाऊ." मुलीचे वडील म्हणाले, "आणि परत कसं येऊ?"

हा पहिला प्रश्न : आपल्याला धोका किती? तो भीतीने किंवा फुशारकीने सुटत नाही. नकाशा पसरून, एकेक गोष्ट मांडून सोडवावा लागतो.

देश हा काही एका रंगाचा पट्टा नसतो, हे खरे. २६ नोव्हेंबर २००८ नंतर परदेशांतल्या कितीतरी लोकांनी मुंबईचे बेत रद्द केले. त्यांच्या दूरचित्रवाणीवर फक्त ताजमहाल हॉटेलातून निघणारा धूर दिसत होता. आपली मुंबई मात्र दोन दिवसांत पुन्हा लोकलला लटकून कामावर जात होती, आणि शिवडीच्या खाडीवरच्या रोहितांना तर काही पत्ताच नव्हता. तेव्हा बाहेरच्यांनी सगळ्या मुंबईला एकच रंग फासला, तसा आपणही दुसऱ्याला फासू नये. पण 'राजधानी टाळली की झाले' हेही तितकेच कच्चे गणित आहे. १९ एप्रिल २०२२ ला गोळीबार झाला तो कोलंबोत नव्हे, तर रंबुक्कना नावाच्या आतल्या गावात. डिझेल-पेट्रोलसाठी लोकांनी रस्ता आणि रेल्वे अडवली होती. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, एक माणूस गेला. म्हणजे धोका राजधानीभोवती नव्हता, तो पेट्रोलपंपाभोवती होता. अशांतता कशासाठी आहे हे एकदा कळले, की ती कुठे उफाळेल याचा थोडा अंदाज बांधता येतो. नुसते शहरांचे नकाशे पाहून तो येत नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. आठ हजारांवर जातींचे पक्षी पाहणाऱ्या अमेरिकेच्या फीबी स्नेट्सिंगर या बाई जगभरच्या अवघड मुलखांतून हिंडल्या. १९९९ साली मादागास्करमध्ये त्यांना मृत्यू आला तो बंडखोरांच्या हातून नव्हे. त्यांची गाडी उलटली. दंगलीची भीती वाटणारा माणूस रात्रीच्या घाटात डुलक्या खाणाऱ्या ड्रायव्हरला भीत नाही, हे विचित्रच. आणि अपघात झालाच तर पुढे काय? मार्च २०२२ मध्ये औषधांअभावी पेरादेणियाच्या मोठ्या रुग्णालयाला ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या होत्या. आमच्या डॉक्टरीणबाई बैठकीत एवढेच म्हणाल्या, "सातवीतल्या मुलीचा पाय मोडला, तर तो बसवायला लागणारं सामान तिथं आज आहे का, एवढं मला सांगा. मग मी येते." कुणालाच सांगता आले नाही. लेकराला घेऊन जाणाऱ्याने दंगलीच्या बातमीपेक्षा रुग्णालयाची बातमी आधी वाचावी.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. प्रवासाचा विमा आपण उतरवतो आणि निर्धास्त होतो. त्यातला बारीक टाइप काढून वाचा. युद्ध, बंड, नागरी अशांतता यांतून झालेले नुकसान भरून न देण्याचे कलम पुष्कळ पॉलिशींत असते. परराष्ट्र मंत्रालयाची सूचना निघाली आहे का, तिथल्या आपल्या वकिलातीचा फोन नंबर वहीत उतरवून घेतला आहे का, हे पाहणे भित्रेपणाचे लक्षण नाही.

चौथी गोष्ट खास आमच्या जमातीची. दुर्बीण, लांब भिंगाचा कॅमेरा, मळकट हिरवे कपडे आणि पहाटे झुडपाआड दबा धरून बसायची सवय : नाक्यावरच्या जवानाला हे सारे कसे दिसेल, याचा विचार करावा. छावणी, पूल, बंदर यांच्या आसपास दुर्बीण पिशवीत ठेवावी. निदर्शनांचे फोटो काढू नयेत. ऑगस्ट २०२२ मध्ये, निदर्शनांविषयी समाजमाध्यमावर लिहिणाऱ्या एका ब्रिटिश बाईचा व्हिसा श्रीलंकेत रद्द झाला. तिचे म्हणणे बरोबर असेलही. पण आपण कशासाठी आलो आहोत हे पाहुण्याने आधी ठरवावे.

आणि काही ठिकाणी उत्तर सरळ 'नाही' असते. मार्च १९९८ मध्ये कोलंबियात चार अमेरिकन पक्षीनिरीक्षकांना बंडखोरांनी रस्त्यावर अडवून पळवून नेले. एक जण निसटला, बाकीचे महिनाभराने सुटले. कोलंबियात एकोणीसशेहून अधिक जातींचे पक्षी आहेत. इतक्या जाती दुसऱ्या कुठल्याही देशात नाहीत. पण जिथे परका माणूस हीच खंडणीची वस्तू आहे, तिथे पक्ष्यांची यादी कितीही लांब असली तरी ती बाजूला ठेवावी. २०१६ साली तिथे सरकारचा मुख्य बंडखोर संघटनेशी शांतता करार झाला आणि जगभरचे पक्षीवेडे पुन्हा कोलंबियाची तिकिटे काढू लागले. पक्षी तिथेच होते. थांबण्याने त्यांचे काही बिघडले नव्हते.

एवढे सगळे मांडल्यावरही आमच्यातल्या चार-पाच जणांचे मत जावे असेच होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. परदेशी माणसावर कुणाचा राग नव्हता. बँकेतल्या गृहस्थांनी तर वहीत आकडेमोड करून दाखवली, की रुपया घसरल्यामुळे आपली सहल तिसऱ्या हिश्शाने स्वस्त होईल. तेव्हा माझ्या यजमानांनी, जे एरवी थर्मासपलीकडे बोलत नाहीत, विचारले, "त्या गाइडला विचारलंत का?"

त्या रात्री मी त्याला फोन लावला. त्याचे इंग्रजी माझ्याइतपतच. तो म्हणाला, "मॅडम, पक्षी आहेत. जंगल उघडं आहे. तुम्हाला कुणी त्रास देणार नाही. पण गाडीला लागेल इतकं डिझेल मला मिळायचं नाही. मिळवायचं तर काळ्या बाजारात, आणि ते आमच्याच गावातल्या कुणाच्या तरी वाटचं असेल. माझा भाऊ काल रात्रभर रांगेत होता. तुम्ही आत्ता येऊ नका. जानेवारीत या."

हा दुसरा प्रश्न, आणि तो त्याने आमच्यासाठी सोडवून दिला. नऊ माणसे, सात दिवस, एक मिनीबस. कोलंबोहून सिंहराजा, तिथून डोंगरात नुवारा एलिया, खाली याला आणि परत. याला किती डिझेल लागते ते यजमानांच्या वहीत आधीच लिहिलेले होते. त्या उन्हाळ्यात श्रीलंकेत पेट्रोल-डिझेलच्या रांगांत उभे असताना माणसे मेली. जूनच्या अखेरीला तर अत्यावश्यक सेवा सोडून इतरांना इंधन विकणेच सरकारने थांबवले. अशा वेळी त्या रांगेला बगल देऊन, डॉलरच्या जोरावर टाकी भरून नवरंग बघायला जाणे मला तरी जमले नसते. आपल्याला धोका नाही, एवढ्याने आपल्याला जाण्याचा हक्क मिळत नाही.

पण म्हणून 'जाऊ नये' हे उत्तर कायमचे होत नाही, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. कारण याच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहा महिन्यांत उलटे होऊ शकते.

श्रीलंकेच्या पर्यटनाचे आकडे पाहा. २०१८ साली तिथे तेवीस लाखांवर परदेशी पाहुणे आले. २१ एप्रिल २०१९ ला ईस्टरच्या रविवारी चर्च आणि हॉटेलांत बाँबस्फोट होऊन अडीचशेहून अधिक लोक मारले गेले. त्यातून सावरतात तोच कोविड. २०२१ साली पाहुण्यांची संख्या दोन लाखांच्याही आत आली. देशाला परकीय चलन मिळण्याची एक मोठी वाट अशी बंद झाली. करकपात, अंगावर आलेली कर्जे, रासायनिक खतांवर एका फटक्यात घातलेली बंदी, अशी आणखीही कारणे होती; सगळे खापर पर्यटनावर फोडण्याचे कारण नाही. पण डिझेल डॉलरमध्ये विकत घ्यावे लागते, आणि तो डॉलर आणणाऱ्यांत पाहुणा हा एक होता. म्हणजे रांग असताना पाहुणा त्या रांगेतला वाटेकरी होतो, आणि रांग हटल्यावर तोच पाहुणा ती पुन्हा लागू नये म्हणून उपयोगी पडतो. माणूस तोच असतो. वेळ मात्र वेगळी असते.

जंगलाचेही तसेच आहे, आणि त्यासाठी श्रीलंकेला जायची गरज नाही. आसामातले मानस अभयारण्य घ्या. बोडो आंदोलनाच्या धुमाळीत तिथल्या चौक्या जळाल्या, वनरक्षक मारले गेले, बाहेरची माणसे यायची थांबली. १९९२ साली युनेस्कोने मानसला 'धोक्यातला वारसा' म्हणून यादीत घातले. शिकाऱ्यांनी तिथले गेंडे संपवले. २००३ च्या बोडो करारानंतर गावातले तरुण, त्यांत काही पूर्वीचे शिकारीसुद्धा, जंगल राखायच्या कामाला लागले. दुसऱ्या जंगलांतून गेंडे आणून सोडले गेले. २०११ साली मानस त्या यादीतून बाहेर आले. शांतता झाल्या झाल्या जे पहिले पाहुणे तिथे गेले असतील, त्यांच्या पैशाला किंमत होती. राखलेले जंगल घरात चूल पेटवते, हे त्या पैशाने गावाला दाखवले.

इथे कुणी म्हणेल, आणि म्हणावेच, की पैसा नेहमी गावात जातो असे नाही. बरोबर आहे. म्यानमारच्या लष्करी राजवटीने १९९६ हे पर्यटन वर्ष म्हणून गाजवायचे ठरवले, तेव्हा आँग सान सू ची यांनी स्वतःच जगाला सांगितले, की आत्ता येऊ नका, तुमचा पैसा याच राजवटीला बळ देईल. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तोच प्रश्न तिथे पुन्हा उभा राहिला. म्हणून माझी कसोटी अशी : तिथे दडपली जाणारी माणसे काय म्हणताहेत ते ऐका. ती 'येऊ नका' म्हणत असतील, तर आपण आपल्या पक्ष्यांच्या यादीचे कारण सांगून त्यांच्यावरून उडी मारू नये. श्रीलंकेतल्या निदर्शकांचे भांडण सरकारशी होते. पाहुण्यांनी येऊ नये असे त्यांचे म्हणणे नव्हते. आमचा गाइडही 'जानेवारीत या' असेच म्हणाला होता.

आगाऊ दिलेल्या तीस हजारांवरून मात्र आमच्यात पुन्हा वाद झाला. सहल झाली नाही तर पैसे परत मागावेत, हा व्यवहार आहे, असे एका शिक्षकांचे म्हणणे. व्यवहार म्हणून ते चुकीचे नव्हते. नऊ जणांचा पैसा होता. शेवटी सातवीतल्या मुलीने विचारले, "आपण जाणारच आहोत ना जानेवारीत? मग ते पैसे आपलेच आहेत की." पैसे मागितले नाहीत. तिच्या वाक्यातला 'जाणारच' हा शब्द महत्त्वाचा. बेत मोडणे आणि बेत पुढे ढकलणे यांत तिथल्या माणसाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोडलेल्या बेताला काही मोल नसते. ढकललेल्या बेतावर तो निदान उधारी मिळवू शकतो.

९ जुलैला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात लोक शिरले. १३ तारखेला राष्ट्राध्यक्ष देशाबाहेर गेले. पुढे इंधनासाठी क्यूआर कोडचा पास आला, आठवड्याचा कोटा ठरला, रांगा ओसरल्या. भारताने त्या वर्षी सुमारे चार अब्ज डॉलरची मदत दिली, त्यात इंधनासाठीचे कर्जही होते. महागाई सप्टेंबरमध्ये सत्तर टक्क्यांपर्यंत चढून हळूहळू उतरू लागली. डिसेंबरात आम्ही दोन्ही प्रश्न पुन्हा मांडले. रुग्णालयाचे डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन करून विचारले. डिझेलचे गाइडने सांगितले. दोन्ही उत्तरे बदलली होती. सत्तावीस जानेवारीला आम्ही निघालो.

सिंहराजाविषयी थोडेसे सांगते, कारण आमच्या साऱ्या वादाचा अर्थ मला तिथे जास्त उमगला. १९७० च्या दशकात हे जंगल प्लायवूडसाठी तोडले जात होते. लोकांनी आवाज उठवला, त्यांत थिलो हॉफमन हे मूळचे स्विस गृहस्थ पुढे होते, आणि १९७७ मध्ये तोड थांबली. १९८८ साली ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. यादवी युद्ध चालू असतानाच, २००१ च्या जानेवारीत, दीपाल वाराकागोडा यांना इथे एक छोटे तांबूस घुबड दिसले. त्याचा आवाज त्यांनी काही वर्षे आधी ऐकला होता. ते विज्ञानाला ठाऊकच नव्हते. २००४ साली त्याचे बारसे झाले तेव्हा हॉफमन यांचे नाव त्याला दिले गेले. तिकडे बंदुका चालू असताना इकडे एक माणूस रात्रीच्या पावसात कान देऊन उभा होता, हे मला फार मोलाचे वाटते.

या जंगलात पक्षी एकेकटे दिसत नाहीत. दहा-बारा जातींचे चाळीसएक पक्षी एकत्र मिळून रान तुडवत जातात. तासभर काही नाही, आणि मग एकदम झाडी बोलू लागते. पुढे नारिंगी चोचीचे सातभाई कलकलाट करत, वर लाल तोंडाचा मलकोहा, मध्येच आपल्या टकाचोराचा नातलग असलेला गर्द निळा मॅगपाय. आणि या सगळ्यांवर पहारा असतो कोतवालाचा. सरथ कोटगामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ पासून या थव्यांचा अभ्यास केला. कोतवाल धोक्याची हाक देतो, दुसऱ्या पक्ष्यांच्या हाकांची नक्कलही करतो, आणि सारा थवा त्याचे ऐकतो. आपणही एखाद्या देशात जाताना हेच करावे. आकाशवाणी-दूरचित्रवाणीचे ऐकावे, पण झाडावर बसलेल्या कोतवालाचे जास्त ऐकावे. आमचा कोतवाल आम्हाला एप्रिलमध्ये 'थांबा' म्हणाला होता.

कोविडपासून तो चहाच्या मळ्यात रोजंदारीवर जात होता. आमचा गट हा त्या हंगामातला त्याचा तिसरा. त्याची बायको आम्हाला लाल भात आणि फणसाची भाजी वाढत होती आणि आमच्या मुलीला वहीत सिंहली अक्षरे काढून देत होती. वीज रोज दोनएक तास जात असे. तेव्हा त्याची मुले मेणबत्तीवर अभ्यास करत. सगळे सुरळीत झाले होते असे मी म्हणणार नाही. पण आमच्या गाडीतल्या डिझेलसाठी कुणी रांगेत उभे नव्हते, आणि आम्ही दिलेले पैसे त्याच घरात राहत होते. श्रीलंकेतल्या पाहुण्यांचा आकडा २०२३ मध्ये पंधरा लाखांच्या घरात आणि २०२४ मध्ये वीस लाखांवर गेला. त्यांत सर्वाधिक आपणच, भारतीय.

नवरंग दिसला का, हे विचारायचे राहिले असेल. दिसला. जंगलात नव्हे, गाइडच्या घरामागच्या केळीत, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, पालापाचोळा उलटा करत.

सध्या आमच्या गटात कोशीचा बेत शिजतो आहे. नेपाळचे नाव निघताच घरोघरी तेच सवाल-जवाब सुरू झाले आहेत, आणि सासूबाईंनी या खेपेस माझ्या यजमानांनाच फैलावर घेतले आहे. यजमानांनी वहीचे नवे पान काढून मधोमध रेघ मारली आहे. डावीकडे 'आपले', उजवीकडे 'त्यांचे'. डावीकडे विमा, दवाखाना, रस्ता, परतीची वाट. उजवीकडे इंधन, धान्य, मजुरी, आणि 'तिथल्या माणसाचा फोन' अशी एक ओळ. ती भरल्याशिवाय विमान कंपनीला फोन करायचा नाही, असे ठरले आहे.